मयताची वर्दी आणि वारसांची पायपीट

द्राक्षबागेची छाटणी केव्हां करावी, कांद्याचें बी केव्हां टाकावें, उसास पाण्याच्या पाळ्या किती द्याव्या, ह्या विषयांवर आमच्या बंधूंनीं ह्या पृष्ठांतून पुष्कळ लिहिलें आहे व तें उपयुक्तहि आहे. परंतु बागाईतदार असो कीं जिराईतदार, प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं केव्हां तरी येणारा जो प्रसंग, म्हणजे घरच्या कर्त्या माणसाचा मृत्यु, त्यानंतर वारसांस कचेरींत काय काय करावें लागतें ह्याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. मेजाच्या आंतली बाजू आम्ही पुष्कळ वर्षें पाहिली आणि सेवानिवृत्तीनंतर, गांवच्या लोकांबरोबर त्यांचे अर्ज घेऊन जातां जातां, मेजाच्या बाहेरची बाजूहि पाहत आहों. तेव्हां ह्या विषयावर कांहीं लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असें समजून हा लेख सादर करितों.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४९ व्या कलमांत असें आहे कीं, वारसानें, वांटणीनें, खरेदीनें अथवा अन्य रीतीनें ज्यास जमिनीचा हक्क प्राप्त झाला असेल त्यानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी. ही वर्दी तोंडी चालते आणि लेखीहि चालते. वर्दी मिळतांच तलाठ्यानें ती देणारास तत्काळ लेखी पोंच द्यावी, असेंहि त्याच कलमांत आहे. ही तरतूद नवी नव्हे. हक्कनोंदणीचें प्रकरण १९१३ सालीं जुन्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत घातलें गेलें, तेव्हांपासून तोंडी वर्दी व लेखी पोंच हीं दोन्ही चालत आलीं आहेत. तो कायदा करणारे परके होते. सारा वेळेवर वसूल व्हावा एवढाच त्यांचा हेतु. तथापि ज्यास अक्षरओळख नाहीं असा कुणबी अर्ज लिहून आणणार नाहीं, तो चावडीवर येऊन 'बाप वारला' एवढेंच सांगेल, इतकें त्यांस समजत होतें.

आज तोंडी वर्दी कोणी देत नाहीं आणि कोणी घेतहि नाहीं. मुलगा चावडीवर गेला कीं त्यास प्रथम कागदांची यादी सांगण्यांत येते: मृत्यूचा दाखला, वारसांचें प्रतिज्ञापत्र, वंशावळ, पोलीस पाटलाचा दाखला, सर्व वारसांचीं आधार कार्डें, रेशन कार्डाची नक्कल, खात्याचा ८-अ चा उतारा. ह्यांतील कागद निरर्थक आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. वारस कोण व किती हें कोणत्या तरी आधारानें ठरवावें लागणारच. आमचा आक्षेप निराळा आहे. वर्दी घेणें ही एक गोष्ट आणि वारसांची चौकशी करणें ही दुसरी. कायद्यानें ह्या दोन पायऱ्या वेगळ्या ठेविल्या. वहिवाटीनें त्या एकत्र केल्या. त्यामुळें ज्या दिवशीं वारसानें सांगितलें तो दिवस सरकारच्या कोणत्याहि वहींत लागत नाहीं. कागद पुरे झाले तो दिवस लागतो. मधले दोन महिने, चार महिने, कधीं दोन वर्षें, कोणाच्याच हिशेबीं नसतात. पोंचच नाहीं तर विलंब झाला हें तरी वारसानें कशावरून सिद्ध करावें?

हें वाचून कोणी म्हणेल कीं, नोंद उशिरां झाली म्हणून काय बिघडतें, जमीन कोठें पळून जात नाहीं. जमीन पळत नाहीं हें खरें. पण नोंद नसेल तर नवीन पीककर्ज अडतें, पीकविमा अडतो आणि आतां सरकारी योजनांसाठीं जो शेतकरी ओळख क्रमांक लागतो तोहि मिळत नाहीं, कारण उताऱ्यावर नांव मयताचें. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे सालाचे सहा हजार रुपये, आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरी महासन्मान निधीचे तितकेच, हे दोन्ही खातेदाराच्या मृत्यूबरोबर थांबतात. मयताच्या खात्यावर पुढचा हप्ता आलाच तर तो परत करावा लागतो. केंद्राच्या योजनेस जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ ही ठरविलेली आहे. तीनंतर जमीन नांवावर झालेल्यास लाभ नाहीं. मात्र मृत्यूमुळें वारसानें आलेली जमीन ह्या नियमास अपवाद आहे. हा अपवाद पुष्कळांस ठाऊक नसल्यामुळें 'आतां नवीन नांव लागणार नाहीं' असें ऐकून कित्येक विधवा घरीं परत जातात. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

परंतु खरी कोंडी अपघाती मृत्यूच्या प्रकरणांत आहे. साप चावून, विजेचा धक्का लागून, अंगावर वीज पडून, विहिरींत पडून किंवा रस्त्यावर वाहनाखालीं सांपडून शेतकरी मरण पावला तर त्याच्या वारसांस राज्य सरकारकडून दोन लक्ष रुपये मिळतात. पूर्वीं हें काम विमा कंपन्यांमार्फत चाले. दावे वेळेवर मंजूर होत नाहींत, नसत्या त्रुटी काढल्या जातात, अशी ओरड होऊन शेवटीं १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानें सरकारनें कंपन्यांस बाजूस सारलें व रक्कम स्वतः देण्याचें ठरविलें. योजनेचें नांव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. दहा ते पंचाहत्तर वर्षें वयाचा खातेदार शेतकरी आणि खातेदार नसलेला त्याच्या कुटुंबांतील एक मनुष्य, असे दोघे तींत येतात. तहसीलदाराच्या अध्यक्षतेखालीं तालुक्याची समिती निर्णय घेते. सरकारनें हें चांगलेंच केलें, आणि ज्यांनीं केलें त्यांस आम्ही धन्यवाद देतों.

आतां ह्याच योजनेची मुदत पहा. प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत द्यावयाचा, आणि त्यास जोडावयाच्या कागदांत गांव नमुना ६-क प्रमाणें मंजूर झालेली वारसाची नोंद हवी. वारसाची वर्दी देण्यास संहितेनें तीन महिने दिले आणि त्या वर्दीवरून झालेली नोंद दाखविण्यास योजनेनें एक महिना दिला! कोठें ६-क चा उतारा लवकर मिळतो. कोठें फेरफार प्रमाणित झाल्यावांचून कांहींच मिळत नाहीं. जेथें मिळत नाहीं तेथला हिशेब असा. तेरा दिवस सुतकाचे. चौदाव्या दिवशीं मुलगा चावडीवर गेला, त्याच दिवशीं तलाठी भेटला, त्याच दिवशीं फेरफार धरला, असें समजूं. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. तेरा आणि पंधरा मिळून अठ्ठावीस. उरले दोन दिवस. त्या दोन दिवसांत मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची, उतारा निघावयाचा, पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल हातीं यावयाचा आणि प्रस्ताव तालुक्यास पोंचावयाचा. त्यांत शनिवार-रविवार आले तर तेवढेहि दिवस नाहींत. अपुऱ्या कागदांचाच प्रस्ताव दाखल करून घेणारा सहृदय अधिकारी भेटला तर निभावतें. न भेटला तर वारसास कागद पुरे होईपर्यंत परत पाठवितात आणि कागद पुरे झाल्यावर मुदत गेल्याचें सांगतात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचें उदाहरण देतों. गांव व माणसें ओळखूं येतील असें कांहीं लिहीत नाहीं. शेतीपंपास वीज रात्रीची. गहूं भरण्यास गेलेला पंचेचाळीस वर्षांचा मनुष्य स्टार्टरपाशीं शॉक लागून गेला. मागें बायको, एक बावीस वर्षांचा मुलगा, एक लग्न झालेली मुलगी. चौदाव्या दिवशीं मुलगा उतारा काढावयास गेला तेव्हां समजलें कीं उताऱ्यावर बापाचें नांवच नाहीं. नांव थोरल्या चुलत्याचें, आणि त्यापुढें 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आजोबा वारले तेव्हां भावाभावांत गोडी होती. थोरल्याचें नांव लावून काम भागविलें. थोरला तीस वर्षांपूर्वीं वारला. त्याची वर्दी कोणी दिली नाहीं आणि त्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतींतहि नाहीं. म्हणजे बापाचे पैसे मागण्यापूर्वीं चुलता मेला हें सिद्ध करणें आलें. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावयाची असते. वर्ष उलटून गेलें असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावांचून नोंद होत नाहीं. २०२३ च्या दुरुस्तीनें हे आदेश जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी ह्यांनीं द्यावयाचे आहेत. मुलगा प्रांत कचेरींत गेला. तेथें विचारलें, तीस वर्षें काय करीत होतां? ह्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. त्या वेळीं तो जन्मलाहि नव्हता.

पुढील सात-आठ महिन्यांत त्यानें ज्या खेपा घातल्या त्यांतील निम्म्या टळण्यासारख्या होत्या. एका खेपेस एकच उणीव सांगावयाची, ती भरून आणली कीं दुसरी सांगावयाची, ही जी कचेऱ्यांची पद्धत पडली आहे तिच्याइतकी खर्चाची गोष्ट दुसरी नाहीं. बहिणीच्या आधार कार्डावर सासरचें नांव, दाखल्यावर माहेरचें. म्हणून एक प्रतिज्ञापत्र. बापाचें नांव एका कागदावर 'बाळू', दुसऱ्यावर 'बाळासाहेब', म्हणून दुसरें. बँकेचा संदेश येई तो मयताच्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल त्याच रात्रीं पाण्यांत गेलेला. पहिल्या दिवशींच ह्या सर्व गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या असत्या तर मुलाच्या बऱ्याच रोजांची बचत झाली असती. कित्येक ठिकाणीं 'कोर्टाचा वारस दाखला आणा' असें सरसकट सांगतात. तो दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालीं दिवाणी न्यायालयांतून मिळतो आणि त्यास वेळ व वकील दोन्ही लागतात. वारसांत तंटा नसेल तर शेतजमिनीच्या फेरफारास तो लागत नाहीं. तंटा असेल तर गोष्ट निराळी. कोर्टाचा दाखला मागणें हा पुष्कळदां प्रकरण मेजावरून काढून टाकण्याचा सोपा मार्ग असतो, हें आम्ही जवळून पाहिलेलें आहे.

येथें कारकून व तलाठी ह्यांची बाजूहि सांगितली पाहिजे. न सांगणें अन्याय होईल. एका तलाठ्याकडे अनेक गांवें, त्यांत निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे, पीकपाहणी, वसुली. सर्व्हर बंद पडला तर शिव्या त्यानेंच खावयाच्या. २०२४ सालीं सरकारनें तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी असें नांव दिलें. नांव मोठें झालें, काम कमी झालें नाहीं. आणि वारसाच्या नोंदींत चूक झाली, एखादें नांव राहिलें, तर चौकशीच्या फेऱ्यांत सांपडतो तो तलाठीच. म्हणून तो कागदावर कागद मागून स्वतःचा बचाव करितो. हें भय निराधार नाहीं, कारण वारसाच्या यादींत नांव राहतें तें बहुधा बहिणीचें, आणि तें तलाठी वगळीत नाहीं. आम्ही शेतकरीच वगळतों.

ह्या गोष्टीचा उच्चार आमच्या सभांत होत नाहीं, म्हणून जरा विस्तारानें लिहितों. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्र सरकारनें २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती करून मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. विनीता शर्मा ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं निर्णय दिला कीं, २००५ ची दुरुस्ती अंमलांत आली त्या दिवशीं बाप हयात होता कीं नव्हता ह्यावर मुलीचा हक्क अवलंबून नाहीं. इतकें स्पष्ट असतां वंशावळ लिहितांना बहिणींची ओळ गाळणारे महाभाग प्रत्येक गांवीं आहेत. दुसरा प्रकार असा कीं, बाराव्या-तेराव्यास बहीण माहेरीं आलेलीच असते, तेव्हां तिला त्याच गाडींत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. डोळ्याचें पाणी खळलेलें नसतें. स्वखुशीनें कोणी हक्क सोडीत असेल तर आमची ना नाहीं. पण स्वखुशी कळण्यास मनुष्य शुद्धीवर असावा लागतो. वर्षश्राद्ध होईपर्यंत हक्कसोडपत्र करूं नये, असा ठराव एखाद्या गांवच्या सभेनें केला तर आम्हांस फार आनंद होईल. नोंद सर्व वारसांची एकदम करावी. पुढें कोणास सोडावयाचें असेल तर त्यानें सावकाश सोडावें. ह्यांत तलाठ्याचें भयहि जातें व फेरफार लवकर होतो, कारण हरकत घेणारें कोणी उरत नाहीं. हरकत आली म्हणजे प्रकरण विवादग्रस्तांच्या वहींत जातें, आणि संहितेनें त्याच्या निकालास शक्य तोंवर एक वर्षाची मर्यादा घातली असली तरी त्या 'शक्य तोंवर' ह्या शब्दांची ताणण्याची शक्ति आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

मयतांच्या नांवावर किती खातीं पडून आहेत हें सरकारासहि कळून चुकलें आहे. १ मार्च २०२५ पासून बुलढाणा जिल्ह्यांत 'जिवंत सातबारा' नांवाची मोहीम सुरू झाली व १ एप्रिलपासून ती सर्व राज्यांत नेण्यांत आली. पहिल्या पांच दिवसांत तलाठ्यांनीं चावडीवाचन करून मयत खातेदारांची यादी करावी, ६ ते २० एप्रिलपर्यंत वारसांनीं कागद द्यावे, आणि २१ एप्रिल ते १० मेपर्यंत फेरफार घेऊन उतारे दुरुस्त व्हावे, असा क्रम आंखून दिला होता. मोहिमेचें आम्ही स्वागत केलें व आमच्या भागांतील कांहीं घरांचें काम तींत झालेंहि. पण ह्या मोहिमेनें एक गोष्ट सिद्ध झाली ती अशी कीं, तलाठ्यानें मनावर घेतलें तर मयतांची यादी त्याची त्यास करतां येते. मग ती दर महिन्यास कां होऊं नये? मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतींत, हक्काची नोंदवही चावडींत, आणि दोहोंमधील अंतर बहुतेक गांवीं शंभर पावलांहून अधिक नाहीं. दोन्ही वह्या आतां संगणकावर आहेत. तरी एका वहींतील मेलेला मनुष्य दुसऱ्या वहींत जिवंत राहतो, आणि त्यास मारण्याचें काम त्याच्या मुलावर येऊन पडतें.

नाशिकच्या लोकांस ह्याहून वेगळी एक वही ठाऊक आहे. रामकुंडावर अस्थि घेऊन गेलेल्या माणसास तेथील तीर्थोपाध्याय गांव व आडनांव विचारतात आणि वही उघडतात. आजा, पणजा कोण, त्यांचे भाऊ किती, कोण केव्हां येऊन गेले, हें त्यांत सांपडतें. आणि नवा मृत्यु त्याच बैठकींत, तोंडी सांगितल्यावरून, त्याखालीं लिहिला जातो. ती वही पुरावा म्हणून धरावी असें आम्ही म्हणत नाहीं. तींतहि लेकीबाळींचीं नांवें शोधूनच काढावीं लागतील. परंतु तोंडी वर्दी घेऊन जागच्या जागीं नोंद करणें शक्य आहे, एवढें गोदेच्या कांठीं आलेल्या प्रत्येकानें पाहिलेलें आहे.

अपघाताच्या योजनेपुरती आमची मागणी तर फारच लहान आहे. वर्दीची पोंच जोडली असेल तर प्रस्ताव मुदतींत आला असें धरावें. मंजूर वारसनोंद पैसे देण्यापूर्वीं पाहावी. पैसे चुकीच्या हातीं जाऊं नयेत हा हेतु त्यांत पुरता साधतो. शिवाय अपघाताच्या चौकशीस महसूल, पोलीस व कृषि ह्या खात्यांचे लोक स्थळावर येतातच. महसुलाचा मनुष्य दारांत उभा असतां, घरांत विधवा बसलेली असतां, तिची तोंडी वर्दी तेथेंच कां लिहून घेऊं नये? १४९ वें कलम त्यास आडवें येत नाहीं. त्यास एक परिपत्रक पुरे आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या आमच्या जिल्ह्यांतील पश्चिमेकडील तालुक्यांत प्रश्न आणखी बिकट आहे. तेथें पुष्कळ कुटुंबें वनजमीन कसतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळालेला हक्क विकतां येत नाहीं, परंतु तो वारसांकडे जातो, आणि विवाहित असल्यास तो पतिपत्नी दोघांच्या नांवें द्यावा असें कायद्यांतच आहे. मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायीं चालत गेले त्यांच्या मागण्यांत वनहक्काची मागणी मुख्य होती. अशा जमिनीचा धनी वारल्यावर दुसऱ्या नांवाचा उपयोग होतो. बायको वारस म्हणून उभी राहत नाहीं, ती आधींपासून धनीण असते. डोंगरांतील आदिवासी बाईस जें कायद्यानें मिळालें तें निफाड-येवल्याकडील सधन बागाईतदाराच्या बायकोस अजून बहुधा नाहीं!

तें मिळविण्याची वाट मात्र उघडी आहे. शेतकरी संघटनेच्या श्री. शरद जोशी ह्यांनीं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, आणि १९९२ सालीं सरकारनें नवऱ्याच्या अर्जावरून त्याच्या हयातींतच बायकोचें नांव उताऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. आजहि असा अर्ज देतां येतो. ज्या घरीं तो दिला गेला त्या घरची बाई नवऱ्यामागें खातेदार म्हणूनच कचेरींत जाते, आणि तिच्या नांवचा उतारा, कर्ज, ओळख क्रमांक ह्यांपैकीं कांहींच थांबत नाहीं. हा अर्ज देण्यास पुरुष कां कचरतात हें आम्हांस समजत नाहीं असें नाहीं. पण तो विषय ह्या लेखाचा नव्हे.

बँकेसंबंधीं एकच सूचना. खात्यास नामनिर्देशन केलेलें असावें. त्या नांवाच्या माणसास पैसे उचलतां येतात; ते पैसे त्याच्या एकट्याचे होत नाहींत, सर्व वारसांचेच राहतात. नामनिर्देशन असेल व कागद पुरे असतील तर पंधरा दिवसांत रक्कम द्यावी, असें रिझर्व्ह बँकेनें बँकांस बजाविलेलें आहे. शाखेंत 'वरून मंजुरी यावयाची आहे' असें सांगतात तेव्हां ह्या पंधरा दिवसांची आठवण लेखी करून द्यावी.

आपल्या संघाच्या सभासदांस आमची विनंति अशी आहे कीं, प्रत्येक गांवीं दोन सभासदांनीं हें काम अंगावर घ्यावें. गांवांत खातेदार वारला कीं चौदाव्या दिवशीं वारसांबरोबर चावडीवर जावें. अपघात असेल तर सुतक फिटण्याची वाटहि पाहूं नये, कारण वर्दी देण्यास सोयर-सुतक लागत नाहीं आणि ती शेजाऱ्यानें लिहून वारसाच्या सहीनें पाठविली तरी चालते. प्रतिज्ञापत्रासाठीं मुद्रांकाचा कागद कोणी विकत घ्यावयास लावीत असेल तर सरकारी कचेरींत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रास मुद्रांक शुल्क माफ असल्याचें त्यास सांगावें. कोणी दलाल 'सर्व मिळून' म्हणून आंकडा सांगेल त्याच्या वाटेस जाऊं नये. उणीव निघाली तर ती लेखी मागावी, आणि सर्व उणिवा एकदम मागाव्या.

वर्दीस फार मोठा मजकूर लागत नाहीं. पुढें देतों तो पुरे आहे. संघानें तो छापून सभासदांस द्यावा.

'अमुक गांवचे खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत झाले. त्यांचे नांवें खाते क्रमांक अमुक, गट क्रमांक अमुक ही जमीन आहे. त्यांचे मागें पत्नी, मुलगे व मुली असे पुढीलप्रमाणें वारस आहेत. जमीन महसूल संहिता कलम १४९ प्रमाणें ही वर्दी देत आहों. पोंच मिळावी. मृत्यूचा दाखला व इतर कागद चौकशीच्या वेळीं हजर करूं.'

ह्याच्या दोन प्रती कराव्या. एक चावडींत द्यावी. दुसरीवर तलाठ्याची सही, शिक्का व तारीख घ्यावी. सही देण्याचें कोणी नाकारल्यास तीच प्रत त्याच दिवशीं पोस्टांतून पोंचसह तहसीलदारांकडे पाठवावी व पोस्टाची पावती उताऱ्याच्या जुन्या नकलेबरोबर घरांत जपून ठेवावी.